घाबरलेल्या कुत्र्याचं ग्रूमिंग : आधी काय, नंतर काय आणि कुठे थांबायचं

“तो आता शांत झालाय ताई, पटकन उरकून घ्या.” ग्रूमिंगच्या टेबलाशेजारी उभ्या असलेल्या पालकांकडून हे वाक्य मी सतत ऐकते, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. शेपटी पायात, कान मागे चिकटलेले, तोंड घट्ट मिटलेलं, नजर भिंतीवर खिळलेली. असा कुत्रा शांत झालेला नसतो, थिजलेला असतो. पळता येत नाही आणि विरोध करूनही उपयोग नाही, एवढंच त्याला कळलेलं असतं. या अवस्थेत काम उरकलं की पुढच्या वेळी तो टेबल बघूनच दात दाखवतो. मग घरचे म्हणतात, हा अचानक चावरा झाला.

हा लेख घरी ब्रश-आंघोळ करणाऱ्या पालकांसाठी आहे, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या सलूनमध्ये नव्यानं काम शिकणाऱ्या मुलामुलींसाठीही. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. बहुतेक गडबड हात सफाईदार नसल्यामुळे होत नाही, क्रम चुकल्यामुळे होते. आणि एका बैठकीत सगळं झालंच पाहिजे हा हट्ट आत्ताच सोडून द्या. अर्ध्याच अंगाचे केस कापलेला शिह त्झू दोन दिवस विचित्र दिसेल, त्यानं काही बिघडत नाही.

टप्पा १ : आज करायचं का, हे आधी ठरवा

गेल्या महिन्यापर्यंत मजेत ब्रश करून घेणारा कुत्रा आज हात लावू देत नसेल, तर आधी दुखण्याचा संशय घ्या. कानात संसर्ग असेल, हिरडी सुजली असेल, केसांखाली गोचीड चावलेल्या जागी जखम झाली असेल. म्हाताऱ्या लॅब्राडॉरचा मागचा पाय बाजूला ओढला की तो ओरडतो. लोकांना वाटतं नखांची भीती. प्रत्यक्षात त्याचा खुबा दुखत असतो. अशा वेळी आधी व्हेट (प्राण्यांचा डॉक्टर), मग ग्रूमर.

दुसरा प्रश्न गरजेचा. आपल्याकडे पाळलेल्या देशी कुत्र्यांची संख्या चांगली आहे, आणि त्यांना दर आठवड्याची आंघोळ लागत नाही. आखूड केसांच्या, निरोगी कातडीच्या कुत्र्याला महिना-दीड महिन्यातून एकदा पुरते. मधल्या काळात रबरी ब्रश फिरवायचा आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. वास येतो म्हणून दर रविवारी त्याला बाथरूममध्ये ओढत नेऊ नका. वास जातच नसेल तर कान, दात आणि कातडी तपासून घ्या, कारण असा वास शाम्पूनं जात नाही. याउलट शिह त्झू, ल्हासा, पूडल, माल्टीज यांना जवळजवळ रोज कंगवा लागतो. हे कुत्रे घरात आणताना ही जबाबदारी सोबत येते, आणि ती टाळली की त्रास कुत्र्यालाच होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे दिवस. कुत्र्याचा ताण एका रात्रीत उतरत नाही, साठत जातो. आदल्या रात्री विसर्जनाच्या ढोलताशांनी पलंगाखाली लपलेला कुत्रा दुसऱ्या सकाळी ड्रायर सहन करू शकत नाही. दहीहंडी, अनंत चतुर्दशी, दिवाळी हे दिवस आणि त्यांच्या पाठचे एक-दोन दिवस अपॉइंटमेंट घेऊ नका. आठवडाभर आधी करून ठेवा. घरात पाहुणे आलेत, नवं बाळ आलंय, काल लस झालीय, तरीही थांबा. एप्रिल-मे महिन्यांत पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना दुपारी मुळीच नेऊ नका. धापा टाकून अंग थंड ठेवणं त्यांना मुळातच अवघड जातं, त्यात भीतीच्या धापांची भर पडते.

तपासा : सकाळी नेहमीसारखं खाल्लं का? शी नीट झाली का? फिरायला नेहमीच्या उत्साहानं आला का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर पुढे ढकला.

टप्पा २ : दोन-तीन आठवडे, रोज पाच मिनिटं

सगळ्यात जास्त वगळला जातो तो हा टप्पा. कुत्र्याच्या पंजाला वर्षभर कुणी हात लावत नाही, आणि मग एका रविवारी अनोळखी माणूस चारही पंजे एकामागोमाग घट्ट धरतो. तो घाबरणारच.

सुरुवात स्पर्शापासून करा. खांद्यावर हात ठेवा, हात काढा, खाऊ द्या. हे सहज जमलं की कोपर, मग पंजा, मग एक बोट हलकं दाबून नख बाहेर काढणं. कान, शेपटीचं मूळ आणि काख शेवटी. प्रत्येक जागेला दोन-तीन दिवस द्या.

इथे एक चूक घरोघरी होते. आधी खाऊ दाखवला जातो आणि मग पंजा पकडला जातो. चार दिवसांत कुत्रा खाऊचा डबा वाजला की सोफ्यामागे जातो, कारण खाऊ म्हणजे काहीतरी वाईट येणार, हे त्यानं बरोबर ओळखलेलं असतं. आधी स्पर्श, मग खाऊ. हात कुत्र्याला लागेपर्यंत खाऊ लपलेला हवा.

खाऊ रोजच्या बिस्किटापेक्षा भारी हवा : उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे, उकडलेलं अंडं, पनीर. मीठ-मसाला नको. द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट कधीच नाही. पीनट बटर देणार असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना, हे बरणीवर वाचून घ्या. कुत्र्यासाठी ते विष आहे.

स्पर्श जमू लागला की डब्याचा खेळ शिकवा. ब्रिटनमधले प्रशिक्षक चिराग पटेल यांनी तो बादली वापरून लोकप्रिय केला. आपल्या घरात स्टीलचा छोटा डबा चालतो. डब्यात खाऊ भरा आणि तो कुत्र्याला दिसेल, पण तोंड पोचणार नाही असा ठेवा. तो डब्याकडे बघत राहिला की एक तुकडा द्या. बघणं स्थिर झालं की त्या वेळात तुमचा हात पाठीकडे न्या. तो डब्याकडेच बघत असेल तर हात लावा आणि खाऊ द्या. त्यानं नजर डब्यावरून काढून तुमच्या हाताकडे वळवली की हात लगेच मागे घ्या. मी थांब म्हटलं की ही व्यक्ती थांबते, एवढं कुत्र्याला यातून कळतं. ज्याला थांबवता येतं, तो चावायला येत नाही.

ड्रायर आणि क्लिपर (केस कापायचं यंत्र) यांच्यासाठी आवाजाची वेगळी सवय लावावी लागते. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. आपल्याला नुसती घरघर वाटणाऱ्या यंत्रातले अनेक बारीक, तीक्ष्ण आवाज त्याला ऐकू येत असतात. पहिले काही दिवस जेवणाच्या वेळी दुसऱ्या खोलीत, दार लावून ड्रायर सुरू करा. मग दार उघडं ठेवा, मग त्याच खोलीत पण लांब, मग जवळ पण हवा दुसरीकडे. त्यानं जेवण सोडलं तर तुम्ही एक पायरी जास्त पुढे गेलात, मागे या.

पिल्लू असेल तर घाई करायला हरकत नाही. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात नव्या गोष्टी पिल्लू सहज स्वीकारतं. लसीकरण पूर्ण झालं नसेल तर सलूनमध्ये नेऊ नका, पण घरी ब्रश, पंजे आणि आवाज यांची ओळख नक्की करून द्या.

टप्पा ३ : जागा आणि सामान

घरच्या आंघोळीत कुत्रा घाबरतो ते पाण्याला कमी आणि पाय घसरण्याला जास्त. आपल्या बाथरूमच्या फरशा ओल्या झाल्या की त्याच्या नखांना पकडच मिळत नाही, आणि चारही पाय घसरणारा कुत्रा दुसरं काही ऐकण्याच्या स्थितीत नसतो. रबरी मॅट टाका. नसेल तर जुना टर्किश टॉवेल ओला करून पसरा. सलूनच्या टेबलावरही मॅट हवीच.

स्टीलची बादली आणि मग दणाणतात, प्लास्टिकचे घ्या. एक्झॉस्ट फॅन बंद करा. घोडबंदर पट्ट्यातल्या अनेक सोसायट्यांत पाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून दोन बादल्या आधीच भरून ठेवा. फेसानं माखलेल्या कुत्र्याला पाण्याची वाट बघत उभं करण्याइतकी वाईट वेळ नाही. पाणी कोमट, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला गरमही नाही आणि गारही नाही असं लागेल इतपत.

कुत्र्याला आणण्यापूर्वी हाताशी ठेवा : ब्रश, स्टीलचा कंगवा, कुत्र्यांचा शाम्पू, तीन-चार सुके टॉवेल, कापूस, नखांतून रक्त आलं तर लावायची स्टिप्टिक पावडर (नाहीतर कॉर्नफ्लॉवर), आणि खाऊ. भिंतीवर चिकटणारी चाटायची रबरी चटई मिळते. तिच्यावर घट्ट दही फासलं की तोंड बराच वेळ कामात राहतं.

सावधान : माणसांचा शाम्पू नको, कुत्र्याच्या कातडीचा पीएच वेगळा असतो. पाण्यात डेटॉल टाकू नका. टी ट्री ऑइल तर अजिबात नाही, ते कुत्र्याला विषारी आहे.

टप्पा ४ : सलूनपर्यंतचा रस्ता

पंधराव्या मजल्यावरून खाली येताना लिफ्टमध्ये दुसरा कुत्रा भेटला, मग माजिवड्याच्या सिग्नलला हॉर्नमध्ये वीस मिनिटं अडकलो, मग सलूनच्या दारात तीन कुत्रे भुंकताहेत. कात्री बाहेर येण्याआधीच ताण भरपूर झाला. म्हणून सकाळची पहिली अपॉइंटमेंट घ्या. पोट भरून नेऊ नका, जेवण दोन-तीन तास आधी आटपा. रिक्षानं नेत असाल तर कुत्र्याला खाली पायांपाशी बसवा, पट्टा आखूड धरा. मांडीवरचा कुत्रा वळणावर घसरतो. पोचल्यावर थेट आत जाऊ नका. वाशी, नेरूळ किंवा खारघरच्या सेक्टरांत सलूनच्या आसपास एखादी शांत गल्ली मिळतेच. दहा-पंधरा मिनिटं त्याला मनसोक्त वास घेऊ द्या. हुंगणारा कुत्रा सैलावतो.

अपॉइंटमेंट घेतानाच सलूनला विचारा : काम चालू असताना मला दिसेल का? तो घाबरला तर तुम्ही काय करता? पिंजऱ्यातला ड्रायर (कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवून आत हवा सोडणारा) वापरता का, आणि वापरत असाल तर समोर माणूस उभा असतो का? “आम्ही सगळ्यांना सरळ करतो” असं उत्तर आलं तर दुसरं सलून शोधा. “फार घाबरला तर थांबतो आणि तुम्हाला फोन करतो” असं उत्तर देणाऱ्यांकडे जा, दोनशे रुपये जास्त पडले तरी.

टप्पा ५ : पहिली दहा मिनिटं हात लावू नका, बघा

कुत्रा आत आला की पट्टा सैल सोडा, जमिनीवर बसा, कूस त्याच्याकडे ठेवा. वरून वाकून डोक्यावर हात फिरवू नका. तो जवळ येईल तेव्हा हनुवटीखाली किंवा छातीवर तीन सेकंद खाजवा आणि थांबा. त्यानं पुन्हा अंग पुढे केलं तर चालू ठेवा. तोंड फिरवलं, दूर सरकला, तर तो ‘नाही’ म्हणतोय.

ताणाच्या खुणा चढत्या क्रमानं येतात. आधी बारीक : नसलेल्या घासासाठी ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, पुढचा एक पंजा उचलून धरणं, कोरडं असताना अंग झटकणं, मान वळवणं. मग मोठ्या : कान मागे, शेपटी आत, गारव्यातही धापा, अचानक केस आणि कोंडा गळणं, टेबलावर ओल्या पंजांचे ठसे. त्यानंतर डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो आणि अंग दगडासारखं ताठ होतं. मग गुरगुर, मग हवेत चावा, मग खरा चावा.

खारघरमधल्या एका घरी पांढरा स्पिट्झ ‘ब्रश केला की चावतो’ म्हणून मला बोलावलं होतं. मी स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) पाठीवर फिरवला, काही नाही. ब्रश मानेकडे गेला तशी जिभेचं टोक नाकाला लागून आत गेलं, अर्ध्या सेकंदात. थोडं पुढे गेल्यावर मान किंचित वळली, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं चमकलं. मी ब्रश खाली ठेवला आणि बोटांनी कानामागचे केस बाजूला केले. तिथे नाण्याएवढा ओला, लाल चट्टा होता, वरचे केस चिकटून त्याचं झाकण झालेलं. पावसाळ्यात दाट केस ओले राहिले की असे चट्टे पडतात. कुत्रा प्रत्येक वेळी आधी दोनदा सांगत होता. घरच्यांपर्यंत फक्त गुरगुर पोचत होती.

सावधान : गुरगुरल्याबद्दल कधीही ओरडू नका, थोबाडीत तर नाहीच. दटावून गुरगुर बंद होते, भीती बंद होत नाही. मग पुढच्या वेळी तो न सांगता थेट चावतो.

टप्पा ६ : आधी विंचरणं आणि जटा, मग पाणी

हा क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं. जटा तशाच ठेवून आंघोळ घातली की पाण्यानं त्या आवळतात, आतलं पाणी सुकत नाही, खालची कातडी ओली राहून कुजते. विंचरणं नेहमी कोरड्या अंगावर.

सुरुवात पाठीपासून, जिथे त्याला आवडतं तिथून. जटा कानामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी असतात. तिथली कातडी पातळ, त्यामुळे तिथे शेवटी जा. जटेच्या मुळाशी, कातडीलगत दोन बोटांनी केस घट्ट धरा, म्हणजे ओढ बोटांना बसते, कातडीला नाही. मग टोकाकडून मुळाकडे थोडं थोडं सोडवा. थोडं कॉर्नफ्लॉवर चोळलं की केस सुटायला मदत होते.

कात्री घालू नका. जट वर ओढली की कातडीही तिच्याबरोबर वर येते, आणि पातीला केस कुठे संपले ते कळत नाही. असे कापलेले कुत्रे टाके घालायला जातात. बोटांनी सुटत नाही ती जट क्लिपरनं काढायची, १० नंबरच्या ब्लेडनं, कातडीला समांतर, कातडी हलकी ताणून धरून. ब्लेड चालता चालता तापतं; दर दोन-तीन मिनिटांनी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. चटका बसला तर बदला किंवा थंड होऊ द्या. क्लिपरखाली कुत्रा एकाएकी चुळबुळू लागला तर पहिला संशय ब्लेडवर घ्या.

सगळं अंग जटांनी भरलं असेल तर सोडवत बसू नका. तासन्‌तास ओढत राहणं म्हणजे कुत्र्याचा छळ आहे. केस बारीक कापा, ते परत येतील. घरच्यांना वाईट वाटतं, काही काकू रडतातही. त्यांना खालची लाल कातडी दाखवा, म्हणजे पटतं.

मात्र हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रिव्हर, स्पिट्झ यांसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यांचं ‘उन्हाळा आहे म्हणून गोटा करा’ हे ऐकू नका. वरचा थर उन्हापासून वाचवतो, आणि कापल्यावर तो पूर्वीसारखा येईलच असं नाही. त्यांचे आतले मऊ, गळते केस नीट विंचरून काढले की हवा खेळते.

तपासा : दहा मिनिटं झाली? हात काढा, टेबलावरून उतरवा, पाणी द्या. खाऊ पुढे करा. नेहमी झडप घालणारा कुत्रा आज खाऊ घेत नसेल किंवा बोटांसकट ओरबाडत असेल, तर विंचरण्यापाशीच आजचं काम संपलं.

टप्पा ७ : आंघोळ

मागच्या पायांपासून सुरू करा आणि पुढे या. डोकं सर्वांत शेवटी, तेही मगानं किंवा शॉवरनं नाही, ओल्या फडक्यानं पुसून. शॉवर असेल तर धार कातडीला टेकवून धरा. लांबून पडणारं पाणी आवाज करतं आणि टोचतं. कानात कापसाचा सैल बोळा ठेवा, नंतर काढायला विसरू नका. शाम्पू आधी मगभर पाण्यात पातळ करून घ्या. म्हणजे चोळणं कमी, धुणं सोपं, आणि सगळी आंघोळ सात-आठ मिनिटांत होते.

धरायचं कसं? एक हात छातीखाली, दुसरा कुशीवर, दोन्ही मोकळे. घट्ट पकड, मान दाबणं, दोघांनी मिळून दाबून धरणं, या सगळ्यानं धडपड वाढते. बाथरूमचं दार लोटून ठेवा पण कुत्र्याला कोपऱ्यात कोंडू नका. दाराकडे तोंड करून उभा केलेला कुत्रा कमी झगडतो. पट्टा नळाला बांधून कधीही जाऊ नका. सलूनमध्ये टेबलाच्या गळपट्ट्यात अडकवलेल्या कुत्र्यावरून एक क्षणही हात आणि नजर हटवू नका. टेबलावरून उडी मारली की त्याला फास बसतो.

टप्पा ८ : सुकवणं

टॉवेलनं जितकं पाणी निघेल तितकं काढा. दाबून, घासून नाही. घासल्यानं नव्या जटा होतात. घाबरट, आखूड केसांच्या कुत्र्याला ड्रायर लागतच नाही, पंख्याखाली तो सुकतो. पण जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की दाट केस पंख्यावर सुकत नाहीत, आणि मग त्या स्पिट्झसारखे चट्टे येतात. तिथे ड्रायर वापरावा लागतो, कमीत कमी वेगावर.

डोक्यावरून कानांभोवती मऊ कापडाची रुंद, सैल पट्टी घाला. आवाज पुष्कळ कमी होतो. यंत्र लांब ठेवा, फक्त नळी जवळ आणा. मागच्या पायापासून, हवा आधी तुमच्या हातावर घेत. चेहऱ्यावर झोत कधीच नाही. हवा तुमच्या हाताला गरम लागली तर ती कुत्र्याला जास्तच गरम लागते.

सावधान : कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. जीभ गडद लाल किंवा जांभळट, लाळेचे दोर, धापा थांबेनात, पाय लडखडताहेत, तर तो ऊष्माघात असू शकतो. ड्रायर बंद करा, अंगावर नळाचं पाणी घाला, पंखा लावा, आणि मग गाडीत घालून व्हेटकडे. अंग थंड करायला आधी सुरुवात करा, तिथे पोचेपर्यंत वाट बघू नका.

टप्पा ९ : नखं वेगळ्या दिवशी

नखांची भीती सर्वांत जास्त, आणि बहुतेक सलूनमध्ये नखं त्याच दिवशी घाईनं कापली जातात. माझा आग्रह आहे की घाबरट कुत्र्याची नखं आंघोळीच्या दिवशी कापू नका. रोज एक नख कापलं तरी तीन आठवड्यांत सगळी होतात. पाय पंजाला न धरता कोपरापाशी आधार द्या, आणि तो ज्या दिशेला नैसर्गिकपणे वाकतो त्याच दिशेला, अंगाच्या रेषेत ठेवा. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे कापा. काळ्या नखाचे कागदासारखे पातळ काप घ्या. कापलेल्या भागाच्या मध्यावर गडद ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर पावडर लावून काही मिनिटं दाबून धरा. वीस मिनिटांत थांबलं नाही तर व्हेट. अंगठ्याचं नख जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही. ते गोल वळून मांसात घुसतं. ते हमखास विसरलं जातं, तेच आधी बघा.

कान बाहेरून पुसा, बड आत घालू नका. डोळ्यांजवळ कात्रीचं टोक कधीही डोळ्याकडे नको, आणि कुत्रा हलत असेल तर कात्रीच नको.

टप्पा १० : थांबायचं केव्हा

अंग ताठ झालं, गुरगुर आली, शी-शू झाली, किंवा ओरडणं थांबेना, तर काम तिथेच संपलं. पाच मिनिटं थांबून पुन्हा तेच करून बघणं म्हणजे थांबणं नाही. त्याला खाली उतरवा, एखादी सोपी गोष्ट करा (पाठीवर ब्रशचा एक हलका हात, खाऊ) आणि घरी पाठवा. सलूनवाल्यांनी अर्ध्या कामाचा दर आधीच फलकावर लिहून ठेवावा, म्हणजे पैशांसाठी काम रेटण्याचा मोह होत नाही.

मझल (तोंडावर चढवायची मुसकी) वापरावी लागली तर जाळीची, ज्यात तोंड उघडता येतं, धापा टाकता येतात, खाऊ घेता येतो. कापडी मझलनं तोंड बंद होतं, आणि आपल्या हवेत ते धोकादायक आहे. मझलची सवय घरी खाऊ देऊन लावा, भांडणाच्या क्षणी पहिल्यांदा चढवू नका. आणि मझल घातली म्हणून हवं ते करायची मोकळीक मिळाली असं समजू नका.

काम करणं भागच आहे आणि कुत्रा कुठल्याच रीतीनं करू देत नाही, तर व्हेटशी बोला. चिंता कमी करणारी, घरूनच देता येणारी औषधं असतात, आणि गरज पडली तर दवाखान्यात भूल देऊन जटा काढता येतात. त्यात कमीपणा नाही. पण सलूनमध्ये व्हेटशिवाय कुणी ‘झोपेची गोळी’ देत असेल तर कुत्रा उचला आणि निघा. काही गोळ्यांनी फक्त अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते. माणसांच्या गोळ्या तर कधीच नाहीत.

चावा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जा, कुत्र्याची रेबीजची लस चालू असली तरीही.

टप्पा ११ : घरी आल्यावर

त्या दिवशी पाहुणे नकोत, लांब फेरफटका नको, मुलांनी मिठ्या मारायच्या नाहीत. पाणी, शांत कोपरा, झोप. पुढचे दोन-तीन दिवस कानांकडे लक्ष ठेवा : कानावरच्या मोठ्या जटा काढल्यावर कुत्रा डोकं झटकत राहतो आणि कधी कधी कानाच्या पाळीत रक्त साठून ती फुगते. पाळी उशीसारखी मऊ आणि गरम लागली तर त्याच दिवशी व्हेटला दाखवा. क्लिपर फिरलेल्या जागी लाली असेल आणि तो सतत चाटत असेल, तरीही दाखवा.

एक वही ठेवा आणि प्रत्येक वेळी चार ओळी लिहा. काय झालं, काय राहिलं, कुठल्या जागेला ओठ चाटले, कुठे खाऊ घेणं बंद केलं. “मागचा उजवा पाय, दोन नखं राहिली. ड्रायर कमरेपर्यंत चालला, मानेपाशी नाही.” पुढची सुरुवात नेमकी तिथून, एक पायरी खालून करायची. ग्रूमर बदलला तर ही वही आधी त्याच्या हातात द्या. ती वाचायला ज्याला वेळ नाही, त्याच्याकडे कुत्रा सोडू नका.